अर्ध्या मीटरचे तुकडे

बादलीतल्या चादरी अर्ध्याच पिळून झाल्या होत्या. उरलेल्या माझी धाकटी जाऊ एका हाताने पिळू पाहत होती, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये. मी तिला उठवलं, स्टुलावर बसवलं आणि चादरी माझ्याकडे ओढल्या. तेव्हा कुठे तिने कालचं सांगितलं.

ती शाळेत गणित शिकवते. अंगाने काडी, पण वर्ग तिच्या शब्दाबाहेर नाही. तिथली एक मुलगी मध्यंतरी दंडावर काळेनिळे वळ घेऊन आली. सहाला शून्य पूर्णांक पाच दशांशाने भागून तिने बारा लिहिले होते. बापाचं म्हणणं, भागल्यावर आकडा लहानच व्हायला हवा, कार्टी वर्गात झोपते. म्हणून पट्ट्याने फोडून काढलं. उत्तर मात्र बरोबर होतं.

जावेला वाटलं, डोळ्यांनी बघितलं की माणूस ऐकेल. काल शाळेचा वर्धापनदिन. पताका, फुगे, पालकांना बोलावणं. तिने दशांशांचे खेळ मांडले. एका पेल्यात ०.२ लिटर सरबत, तर आठ पेल्यांना किती? सहा मीटर रिबिनीचे अर्ध्या मीटरचे तुकडे किती? कात्री तिने मुद्दाम त्या बापाच्याच हातात दिली. तो ऐटीत कापू लागला, मुलं मोठ्याने मोजू लागली. बारावा तुकडा पडला तशी मागून कुणाची तरी आई म्हणाली, "अहो, मग पोरीला उगीच बदडलंत की." सगळा वर्ग हसला.

त्याने कात्री भिरकावली. टेबलावरची लाकडी मीटरपट्टी उचलून पोरीच्या पाठीवर सपासप ओढली. पेले फुटले. पोरगी बाकाखाली शिरली, तर वेणी धरून बाहेर खेचली आणि तिचं तोंड फळ्यावर आपटलं. ओठ फाटला. जाऊ मध्ये पडली. पट्टी तिच्या मनगटावर बसली. कडकन वाजलं ते लाकूड की हाड, तिला कळलं नाही. डाव्या हाताने पट्टीचा तुटका तुकडा उचलून तिने त्याच्या तोंडावर हाणला. मग दोन पालकांनी त्याला फरफटत बाहेर नेलं.

"त्याला पटलं होतं, ताई," ती म्हणाली. "पटलं म्हणूनच मारलं."

मुलगी सध्या मावशीकडे आहे. आज संध्याकाळी बाप तिला न्यायला येणार, आणि तक्रार नसेल तर मावशी कशाच्या जोरावर अडवणार? मुख्याध्यापक म्हणतात, सरबतावरून पाय घसरला असं लिहून द्या, शाळेची अब्रू आहे. तिने मला विचारलं, सकाळी देवापुढे बसला होतात ना, तो काय म्हणाला?

मी म्हटलं, "काही बोलला नाही. पण घसरून पडलीस असं लिही, असंही नाही म्हणाला."

ती हसली, आणि हात दुखला म्हणून कळवळली. डाव्या हाताने सही जमते का, ते तिने जुन्या वर्तमानपत्रावर करून पाहिलं. सही वेडीवाकडी आली, पण आली. मग चपला घातल्या आणि ती पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेली.