टोपीवालीची नजर

आमच्या फिल्म सोसायटीत काल हॉलिवूडचा एक जुना कृष्णधवल विनोदी सिनेमा दाखवला. सिनेमावाल्यांनीच सिनेमावाल्यांची उडवलेली टर. नायिकेला रडू येईना म्हणून दिग्दर्शक स्वतःच हमसून हमसून रडून दाखवतो, तेव्हा सगळा हॉल हसला. माझ्या शेजारच्या कुसुमताई मात्र नायिकेच्या मागची गर्दी बघत होत्या. कोल्हापूरच्या स्टुडिओत अशाच गर्दीत उभं राहून त्यांनी उमेदीची वर्षं काढली.

"ती टोपीवाली बघा, कॅमेऱ्याकडे बघतीय," त्या कुजबुजल्या. "आमच्यात असं कुणी बघितलं, तर दुसऱ्या दिवसापासनं बोलावणं बंद."

या सिनेमाने नायक, निर्माता, दिग्दर्शक कुणालाच सोडलेलं नाही. गर्दीची टर उडवायचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. टर उडवायलासुद्धा माणूस आधी दिसावा लागतो.

नंतर सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. तो आज सकाळी मोबाइलवर आला. काढणारा "इकडे बघा, इकडे बघा" म्हणून ओरडत होता, त्यामुळे आम्ही सगळे दात काढून कॅमेऱ्याकडे बघतोय. एकट्या कुसुमताई भलतीकडे बघतायत, अगदी सराईतपणे.