धाकट्यांची पंगत आधी

आई डोंबिवलीत लोकांच्या घरी पोळ्या लाटायची आणि बाबा खोपटच्या डेपोत एसट्या धुवायचे. टिटवाळ्याच्या एका खोलीत आम्ही सगळे. मी अभ्यासाला बसले की बाकीच्यांनी पाय आखडून घ्यायचे, एवढीच आमच्याकडची शैक्षणिक सोय. त्यातून मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर झाले, घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी परत परत सांगते, त्यात लाजायचं काय? पदवी हातात आली तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटलेलं की आता काही कळायचं राहिलं नाही. तो भ्रम माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच महिन्यात घालवला. साध्या, शुद्ध मराठीत बोलून समोरच्याला इतकं गोंधळात टाकणारा माणूस ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत दुसरा झाला नसेल.

ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे कंट्रोल बोर्ड बनवणारी आमची छोटी कंपनी. साहेब रोज लॅबमध्ये आले की आधी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला हात लावायचे, क्षणभर डोळे मिटायचे, मग कामाला. मला वाटलं, कपाटात देव असणार. मीही हात लावून तो कपाळाला टेकवायला लागले. एक दिवस त्यांनी पाहिलं.

"हे काय गं?"

"नमस्कार, सर."

"कुणाला?"

"तुम्ही करता त्यालाच."

"अगं, मी अंगावरची वीज उतरवतो! कपाटाची तार जमिनीत गेलीये. आपल्याला जाणवणारही नाही एवढ्याशा ठिणगीनं चिप मरते." मग जरा विचार करून म्हणाले, "पण नमस्कार चालू ठेव. नुकसान नाही."

ही सवय त्यांनी लॅबपुरती ठेवली असती तरी चाललं असतं. पण पुतणीच्या लग्नात नवरा-नवरीच्या हातात आहेर द्यायच्या आधी त्यांनी मांडवाचा खांब धरला आणि आहेर घ्यायला हात पुढे केलेला नवरदेव तसाच ताटकळला. कपडे बारा महिने सुती. सासुरवाडीनं दिलेलं टेरीकॉटचं कापड "हे ठिणग्या पाडतं" म्हणून त्यांनी सविनय परत केलेलं. सासुरवाडी ते कधीच विसरली नाही. शिवाय त्यांचा राग ओळखायची पंचाईत. खूश असले की "अगं", भडकले की "अहो मॅडम". त्यामुळे ऑफिसात मान मिळायला लागला की मी आपलं काय चुकलं ते शोधायला लागायचे. चिपशी मात्र नेहमी लाडात. "काय झालं रे बाळा?" असं ते जळलेल्या चिपला विचारताना मी ऐकलंय.

माझी उमेदवारी संपत आलेली. मालकांनी सांगून ठेवलेलं, "दसऱ्याच्या पूजेला तुझा बोर्ड चालला तर कायम, नाहीतर दुसरीकडे बघ." बाबा तर पोरगी कायम झाली म्हणून डेपोत आधीच सांगून मोकळे. बोर्डावर एका बाजूला नाजूक चिप, कमी व्होल्टेजवर चालणारी. दुसऱ्या बाजूला दांडग्या व्होल्टेजचं यंत्र. चिपचा बारीक आवाज यंत्राला ऐकू जाईल इतका चढवून देणारं मधलं सर्किट माझं. दोन बाजूंना दोन स्विच. मी साहेबांना विचारलं, "सर, आधी कुठला चालू करू?"

"तुमच्याकडे लग्नात आधी कोण जेवतं?"

मी गोंधळले. मला वाटलं, परीक्षा घेतायत. आमच्या गावाकडे पहिल्या पंगतीचा मान थोरल्यांचा. मी मोठ्या आत्मविश्वासानं थोरला, म्हणजे यंत्राच्या बाजूचा, स्विच आधी दाबला. धूर नाही, आवाज नाही. मधलं सर्किट चुपचाप गेलं.

"अहो मॅडम," साहेब म्हणाले. "आमच्याकडे आधी पोरांची पंगत बसते. धाकट्याच्या पोटात काही नसताना थोरला दाब त्याच्यावर टाकला की तो मोडणारच."

मी लगेच चिठ्ठी चिकटवायला निघाले: 'आधी धाकटा स्विच.' त्यांनी ती हातातून काढून घेतली.

"चिठ्ठी कोण वाचतं? गिऱ्हाइकाकडे तुझ्यासारखंच कुणीतरी थोरल्याला मान देणार. माणसं चुकणारच गं. त्यांना सुधारत बसू नकोस, सर्किटला सांभाळ."

"अगं" ऐकून मला रडूच आलं. मग आम्ही दोघं बसलो. धाकटी बाजू जागी होईपर्यंत थोरल्याचा रस्ता अडवून धरणारी एक कडी घातली. तरी जादा दाब आत घुसलाच, तर त्याला जमिनीकडे वळवणारी एक वाट काढली. यातलं अर्धं मला तेव्हा कळलं. उरलेलं अर्धं साहेबांनी समजावून सांगितल्यामुळे आणखी अवघड झालं.

दसऱ्याला लॅबमध्ये बोर्डापुढे झेंडू, आपट्याची पानं. हळदकुंकू साहेबांनी खोक्याला लावू दिलं, बोर्डाला नाही. मालक म्हणाले, "चला, करा चालू." मी धाकट्या स्विचकडे हात नेला.

"थांब," साहेब म्हणाले. "आज चुकीचं करायचं."

थोरल्या स्विचवर बोट ठेवून ते उभे राहिले. जन्मभर पोरांच्या आधी घास न घेतलेला माणूस. बोट काही दबेना. मालक वैतागले, "अहो, मुहूर्त जाईल!" साहेबांनी कपाटाला हात लावला, डोळे गच्च मिटले आणि दाबला. मग धाकटा. यंत्राचा हिरवा दिवा लागला. सगळे टाळ्या वाजवायला लागले तरी ते डोळे उघडेनात.

"सर, चाललं."

"नक्की? बघून सांग."

"नक्की, सर."

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मला शाबासकी दिली नाही. बोर्डाकडे वाकून हळूच म्हणाले, "शहाणा रे माझा."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. अधूनमधून फोन करते. ते घरचं काहीतरी सांगतात, मी "हो सर" म्हणते, आणि फोन ठेवल्यावर विचार करत बसते की ते सर्किटबद्दल बोलत होते की सुनेबद्दल. विचारावंसं वाटतं, विचारत नाही. एवढं मात्र मला नीट कळतं: त्या दसऱ्याला मी कायम झाले, आणि आमचा बोर्ड कुणी कुठलाही स्विच आधी दाबला तरी जळत नाही.