सोलांजबाईंनी गोळा केलेल्या त्रेसष्ट सह्या

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सोलांज पिएरार सायकलच्या टोपलीत कागदांचा गठ्ठा घालून घराबाहेर पडत. त्या गल्लीत शिरल्या की ब्रेल्मोंमधली माणसं पेन शोधायला लागत. कारण सगळ्यांना माहीत होतं. गावाच्या फुटबॉल क्लबची वार्षिक सभा जवळ आली होती आणि सभेला कोणी येणार नव्हतं.

क्लबचे सभासद एकशे चोवीस. घटनेनुसार निम्मे हजर हवेत, नाहीतर सभा रद्द. जूनच्या शुक्रवारी संध्याकाळी म्यूज नदीवर मासे लागतात, बागेत वाल तोडायचा असतो. तेव्हा गैरहजर माणसाने एका चिठ्ठीवर सही करून दिली की तो हजर धरला जाई: सर्व ठरावांवर माझ्या वतीने मत देण्याचा अधिकार मी अमुक यांना देत आहे. ब्रेल्मोंमध्ये ही अमुकची जागा कोणी भरत नसे. सही करायची आणि चिठ्ठी सोलांजबाईंच्या हाती द्यायची. त्या घरी बसून कार्यकारिणीतल्या दहा जणांची नावं चिठ्ठ्यांवर वाटून टाकत. अडतीस वर्षांत एकानेही विचारलं नाही की माझं मत कोणाच्या नावावर गेलं.

घटनेत आणखी एक कलम होतं. नाव न घातलेली चिठ्ठी अध्यक्षाची. ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, कारण कोरी चिठ्ठी सभेपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

क्लबचं नाव एत्वाल, म्हणजे तारा. बोल्टच्या कारखान्याने १९२१ साली कामगारांसाठी तो काढला. सोलांजबाईंचे वडील त्याच कारखान्यात भट्टीवर होते आणि रविवारी गोलरक्षक. १९६९च्या जानेवारीत फ्रेंच चषकात एत्वालने एका व्यावसायिक संघाला गोठलेल्या मैदानावर दोन-एकने हरवलं, तेव्हा सोलांज वीस वर्षांची होती आणि कारखान्याच्या कचेरीत टंकलेखन करत होती. सोमवारी साहेबाने कामाच्या वेळेत वाइन वाटली. पुढच्या फेरीत एत्वाल पाच-शून्यने हरला. ते गावात सहसा कोणी सांगत नाही.

१९७९ मध्ये क्लबचा चिटणीस मुलीकडे राहायला गेला आणि ते काम सोलांजबाईंकडे आलं, टंकलेखन येतं म्हणून. सात वर्षांनी कारखाना बंद पडला. मग सिनेमाचं थिएटर, मग रेल्वे स्टेशन, मग दोन शाळांपैकी एक. क्लब राहिला. नवऱ्याला फुटबॉलमध्ये रस नव्हता. "तिला रविवारी शोधायचं असेल तर मैदानावर जा, मला शोधायचं असेल तर पुलाखाली, गळापाशी," असं तो सांगे.

चिटणिसाचं काम म्हणजे मुख्यतः परवाने. प्रत्येक खेळाडूचा अर्ज, डॉक्टरचा दाखला, फोटो. गावातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेक पुरुषांचा सातव्या वर्षीचा चेहरा सोलांजबाईंना आठवतो. रेजिस लांबिनेचाही. पुढचे दोन दात पडलेले, म्हणून त्याने फोटो काढून घ्यायला नकार दिला होता. बाईंनी त्याचा अर्ज तीन आठवडे अडवून धरला, दात डोकावल्यावर पाठवला. हाच रेजिस पुढे विमा एजंट झाला आणि २०११ मध्ये क्लबचा अध्यक्ष. त्याचं नाव बाईंनीच सुचवलं होतं.

२०१६च्या शरद ऋतूत गावात कुजबुज सुरू झाली. नदीपलीकडच्या व्हिरेल गावाच्या क्लबमध्ये एत्वाल विलीन होणार. दोन्हीकडे मुलं कमी, तेरा वर्षांखालचा संघ कोणाचाच एकट्याने उभा राहत नव्हता. पण व्हिरेल म्हणजे व्हिरेल. पंचाण्णव वर्षं त्यांच्याविरुद्ध खेळून झालेलं.

एका रविवारी सामना संपल्यावर बाईंनी मैदानाच्या कडेला, बिअर-सँडविचच्या टपरीपाशी रेजिसला गाठलं.

"व्हिरेलवाल्यांशी तुझं काही चाललंय का?"

"कोण म्हणतं?"

"बेकरीत तिघी म्हणाल्या."

"बेकरीत पाव घ्यायचा असतो, सोलांज. बातम्या शिळ्या असतात तिथल्या."

"मी तुला विचारतेय."

"मग ऐका. मी अध्यक्ष असेपर्यंत एत्वाल एत्वालच राहील. झालं समाधान?"

"झालं," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात बेकरीत त्या तिघींना त्यांनी चांगलंच सुनावलं.

एप्रिलमध्ये बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रेजिस फुलं घेऊन भेटायला आला. म्हणाला, यंदा सभेची सूचना मी पाठवतो, चिठ्ठ्याही छापून आणतो, तुम्ही डोळ्यांना विश्रांती द्या. "गोळा मात्र तुम्हीच करायच्या. मी गेलो तर लोकांना वाटेल विमा विकायला आलाय. दार उघडणार नाहीत."

हे खरं होतं.

सूचना ई-मेलने गेली. तिच्यात चौथ्या क्रमांकावर विलीनीकरणाचा ठराव स्पष्ट लिहिलेला होता. बेकायदेशीर काहीच नव्हतं. पण ब्रेल्मोंमध्ये क्लबची पत्रं कोणी उघडत नाही. सभेत काय आहे ते सोलांजबाई दारात सांगतात. आणि बाईंनी यंदा सूचना स्वतः लिहिली नव्हती, म्हणून वाचलीही नाही. दर वर्षीची कार्यक्रमपत्रिका त्यांना पाठ होती.

त्या सगळ्यात आधी अर्मां कोलिन्योंकडे गेल्या. १९६९च्या संघातला हा डावा विंगर, आता बाहत्तरचा. वालाच्या काठ्या बांधत होता.

"यंदा काय आहे गं?" त्याने विचारलं.

"नेहमीचंच. अहवाल, निवडणूक, शेवटी साखरेचा टार्ट."

"कोण करणार टार्ट?"

"तुझी जोसियान."

"मग नाहीच येत."

"ऐकू येतंय मला," स्वयंपाकघराच्या खिडकीतून जोसियान म्हणाली.

अर्मांने सुतळी खाली ठेवून सही केली. रीम्सला राहणाऱ्या मुलाची चिठ्ठीही त्याने पुढ्यात ओढली. "याचीही करून टाकतो. जरा घाणेरडी काढली की त्याची होते."

हेही दर वर्षीचं. बायका नवऱ्यांच्या सह्या करत, आया मुलांच्या. वृद्धाश्रमातल्या मार्सो देल्व्होला पेन धरता येत नाही. त्याच्यासाठी आणि आणखी तिघांसाठी सोलांजबाई स्वतःच सही करत. त्यात लबाडी आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. सभा होणं महत्त्वाचं होतं.

बारा दिवसांत त्रेसष्ट चिठ्ठ्या जमल्या. बाई नावं घालायला बसणार तेवढ्यात रेजिसचा फोन आला. "एवढ्या बारीक जागेत कशाला डोळे फोडता? द्या माझ्याकडे, मी घालतो." त्यांनी पाकीट त्याच्या ऑफिसात नेऊन दिलं.

सभेला एकवीस माणसं होती. पहिले तीन विषय वीस मिनिटांत उरकले. मग रेजिस उभा राहिला आणि चौथा विषय वाचला. नव्या क्लबला तिसरंच नाव, मोठा संघ व्हिरेलच्या मैदानावर, इकडे फक्त सराव. खोलीत आवाज चढले. कोणीतरी म्हणालं, मत घ्या, आत्ताच्या आत्ता. हजर असलेल्यांत पंधरा विरुद्ध, सहा बाजूने. लोक शांत झाले. दोघं तर उठून पेल्यांकडे वळलेही.

रेजिसने बॅगेतून पाकीट काढलं. "आणि त्रेसष्ट चिठ्ठ्या. नाव नसलेल्या. घटनेप्रमाणे माझ्याकडे. बाजूने."

सोलांजबाई इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांनी एक चिठ्ठी उचलून पाहिली, मग दुसरी. नावाची जागा सगळ्यांवर कोरी होती.

"तू नावं घालणार होतास."

"राहून गेलं."

"त्रेसष्ट वेळा?"

नियमाप्रमाणे चिठ्ठ्या ग्राह्य असल्याचं चिटणिसाने सही करून सांगायचं असतं. तो कागद रेजिसने त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी हात लावला नाही.

"यातल्या निम्म्या सह्या ज्याच्या त्याच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "मी बाद करते. तेवीस गेल्या की निम्मे सभासद भरत नाहीत, सभाच उरत नाही."

तो त्यांच्या खुर्चीजवळ वाकला. बोलणं फक्त पलीकडे बसलेल्या खजिनदाराला ऐकू गेलं, म्हणून ते आज सांगता येतं.

"करा बाद. पण मग गेल्या वर्षीच्याही काढू. त्याच्या आदल्या वर्षीच्याही. फायली आहेतच, तुम्हीच लावून ठेवल्यात. मार्सोची सही कोण करतं ते विचारू. अर्मांच्या मुलाला रीम्सहून बोलावू. चालेल?"

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, सोलांज. चांगल्यासाठीच करत होतात तुम्ही. मीही चांगल्यासाठीच करतोय. दोन वर्षांत मुलंच उरली नसती."

"ते तू दारोदार जाऊन सांगितलं असतंस."

"तर हरलो असतो."

बाईंनी सही केली. एकोणसत्तर विरुद्ध पंधरा. टार्ट तसाच राहिला.

इतिवृत्त त्यांनी घरी जाऊन पूर्ण केलं. शेवटी एक वाक्य घातलं: सदर चिठ्ठ्या खाली सही करणारीने गोळा केल्या असून चौथ्या विषयाची माहिती सही देणाऱ्यांना तिने दिली नाही, कारण ती तिला नव्हती. रेजिसने हे वाक्य काढायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि तिथल्या तिथे चिटणीसपदाचा राजीनामा दिला. सरकारदरबारी गेलेल्या प्रतीत ते वाक्य नाही.

नव्या क्लबने त्यांना मानद अध्यक्षपद देऊ केलं. त्यांनी उत्तर पाठवलं नाही. रेजिस उपाध्यक्ष झाला. तेरा वर्षांखालचा संघ उभा राहिला आणि बरा खेळतो. बाईंना हे माहीत आहे. "मुलं खेळताहेत, चांगलं आहे," त्या म्हणतात. "मला विचारलं असतं तर कदाचित मीही हो म्हटलं असतं. निदान भांडून म्हटलं असतं."

रेजिसवर लोक फार दिवस रागावले नाहीत. विमा एजंटाकडून त्यांची वेगळी अपेक्षा नव्हती. राग दुसरीकडे वळला.

सप्टेंबरच्या बाजारात चीजच्या गाडीपाशी अर्मां कोलिन्यों सोलांजबाईंच्या पुढे उभा होता. वळून त्याने नेहमीसारखा गालाला गाल लावला नाही.

"तू म्हणालीस, नेहमीचंच आहे," तो म्हणाला.

"म्हणाले."

"रेजिस आला असता तर मी कागद वाचला असता. चष्मा लावून वाचला असता. तू आलीस म्हणून नाही वाचला."

"मलाही ठाऊक नव्हतं, अर्मां."

"तुला ठाऊक नव्हतं?" तो आधी हसला, मग त्याचं हसू गेलं. "अडतीस वर्षं क्लबमधलं पान तुझ्याशिवाय हललं नाही. हे कोणाला पटणार?"

चीजवाली दोघांकडे बघत थांबली होती. पुढचा नंबर कोणाचा, तिने विचारलं.

"यांचा," सोलांजबाई म्हणाल्या.

अर्मांने आपलं चीज घेतलं आणि तो निघून गेला. त्या शनिवारपासून बाई बाजाराला नदीपलीकडे, व्हिरेलला जातात. पुलावरून सायकलने वीस मिनिटं लागतात. तिथे त्यांना कोणी ओळखत नाही.