निशिकांतरावांचा तासाभराचा पहारा

तर काल गोष्ट सांगता सांगता झाकणापाशी थांबलो होतो. सगळा घोळ त्या झाकणानं केला, आणि त्याच्याही आधी बाल्कनीनं.

आमचे जावई निशिकांतराव जहाजावर इंजिनीअर. लेक शुभदा आणि नात इरा परदेशात, समुद्राकाठच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये, हे पाण्यावर. २००५ साली त्यांनी जहाज सोडलं आणि तिथल्याच तोआ पायोह भागातल्या एका ऑफिसात खुर्ची धरली. धरली आपली म्हणायची! बूड कुठं टेकायचंच नाही. जेवता जेवता उठायचे आणि बाल्कनीत जाऊन लांब नांगर टाकलेली जहाजं बघत उभे राहायचे. त्यात जुन्या कंपनीचे फोन, "परत या." त्या दिवशी शुभदाच्या हातची आमटी खारट व्हायची.

जीव रमावा म्हणून त्यांनी घरी बिअर करायचं खूळ घेतलं. मी तेव्हा त्यांच्याकडेच मुक्कामाला, एकदम खूश! स्टूल ओढून ओट्याशीच बसलो. बिअरसाठी आणलेला जवाच्या मोडांचा पाक म्हणजे थेट काकवी. आमचे गुरुजी उसाच्या दिवसांत अख्खा वर्ग गुऱ्हाळावर न्यायचे, पाढे तिथंच म्हणायचे आणि बोटं चाटायचे, ती गंमत वेगळीच. असो. हा पाक पाण्यात ढवळायचा आणि तासभर खळखळ उकळायचा. त्या गोड पाण्याला म्हणतात वर्ट.

पहिल्या खेपेला उकळी फुटायच्या आत रावसाहेब बाल्कनीत! इकडं फेस उतू गेला, शेगडी चिकट काळी. पुसलं, परत ठेवलं, वर गच्च झाकण घातलं आणि पुन्हा निघाले जहाजं बघायला. पण वर्ट उघडंच उकळायला हवं, त्याचा उग्र वास वाफेबरोबर जायला हवा. तो गेला नाही. यीस्ट घालून आंबवल्यावर बिअर झाली ती उकडलेल्या कोबीच्या वासाची.

इरानं नाक धरलं आणि तिकडच्या पोरांच्या ढंगात शेपूट लावून म्हणाली, "बाबा, धिस इज कॅबेज सूप, लाह!"

मी पोट धरून हसलो. शुभदा हसली नाही. "अण्णा, ज्यांना भांड्यापाशी तासभर उभं राहवत नाही, ते घरात राहतील? रविवारी कंपनीला उत्तर द्यायचंय त्यांना."

निशिकांतराव दारातच होते. ऐकलं त्यांनी.

रविवारी पुन्हा पातेलं चढलं. झाकण शुभदानं कपाटात टाकलं. जावईबापू या पायावरून त्या पायावर, बोटांनी ओटा वाजवतायत, मान बाल्कनीकडे.

"अण्णा, जरा बघता का? आलोच मी."

"मला चष्म्याशिवाय फेस दिसत नाही हो."

"चष्मा नाकावर आहे तुमच्या!"

"असेल. तुम्ही ढवळा."

फेस कडेपर्यंत आला. त्यांनी गॅस बारीक केला, पळी फिरवली, फेस बसला. मग कडवटपणासाठी हॉप्सच्या फुलांच्या गोळ्या टाकल्या, तर पुन्हा भसाभस वर! नेमका तेव्हाच फोन. इरानं तो बाबांच्या कानाला लावला. जुन्या कंपनीचा मुकुल इतका मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू आलं, "काय ठरलं, सर? मंगळवारी निघायचंय."

शुभदा हातात फडकं घेऊन दारात उभी. निशिकांतरावांनी बाल्कनीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. पळी थांबली नाही.

"मुकुल, मला आत्ता इथून हलता येत नाही रे, उतू जाईल. आणि मंगळवारीही नाही येत. माझ्या जागी दुसरा माणूस बघ."