मागचा खांब

आधीच सांगते, मी ग्लासगोच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. भुतंखेतं, संकेत, गेलेल्या माणसांचं स्वप्नात येणं... यातलं काहीही मी कधी मानलेलं नाही. या सदरातले अनुभव वाचते, नाही असं नाही, पण चहाबरोबर, आणि बहुतेक वेळा "दार वाऱ्याने आपटलं असेल गं बाई" असं मनात म्हणत. तेव्हा आता कुणी मला तसं म्हटलं तर माझी तक्रार नाही. जसं झालं तसं लिहिते.

माझा नवरा अजित. कोल्हापूरचा, स्ट्रक्चरल इंजिनिअर. लग्नानंतर आम्ही इकडे आलो आणि इथलेच झालो. न्यूटन मर्न्समध्ये घर, एक मुलगी, रेवा. ऑफिसात अजितला ह्यू भेटला. वयाने बराच मोठा, तोंडाने कमी बोलणारा स्कॉटिश माणूस. त्याने अजितला एक भलतंच वेड लावलं. दर ऑक्टोबरात हे चार-पाच मित्र हायलँड्समध्ये हरणांच्या शिकारीला जात. (तिथे 'हंटिंग' म्हटलं की लोकांचे चेहरे वाकडे होतात, 'स्टॉकिंग' म्हणायचं.) रस्ता संपतो तिथे तळ टाकायचा आणि आठवडाभर डोंगरात राहायचं. एवढ्या वर्षांत अजितने एकही गोळी झाडली नाही. तो तिथे स्वयंपाक करायचा.

"शिकारीला जातोस आणि चिरतोस काय, तर कांदा!" मी म्हणायचे.

"अगं, मग तांबडा रस्सा कोण करणार? ते लोक हरीण नुसतं उकडून खातात," तो म्हणायचा.

पण खरं कारण तंबू होता. जाड कॅनव्हासचा, सरळ भिंतींचा, आत माणूस ताठ उभा राहील असा, छताला शेगडीचं धुराडं काढायला भोक. हौसेने घेतलेला. पुढे एक लाकडी खांब, मागे एक, आणि त्या दोघांवर आडवी काठी. तिला अजित 'आढं' म्हणायचा, अगदी घराचं असावं तसं. बाकी सगळा डोलारा दोरांवर. उभा करायची रीत सोपी आहे, पण ती चुकवून चालत नाही. दोघांनी दोन खांब एकदम उचलून धरायचे आणि तिसऱ्याने दोर ताणून मेखा ठोकायच्या. दोर बांधून होईपर्यंत खांब धरणाऱ्याने जागचं हलायचं नाही. हात सोडला की सगळं अंगावर.

रेवा लहान असल्यापासून दर सप्टेंबरात आमच्या मागच्या गार्डनमध्ये याची तालीम व्हायची. मागचा खांब अजितचा. पुढचा माझा. रेवाकडे लाकडी हातोडा. मध्ये कॅनव्हास असल्यामुळे पुढच्याला मागचा दिसत नाही, म्हणून मेख ठोकायच्या आधी ती ओरडून विचारायची, "बाबा, धरला का?" आणि कॅनव्हासच्या पलीकडून यायचं, "धरलंय. तू बिनघोर ठोक!" दर वर्षी हेच. शेजारच्या बाईंनासुद्धा ते शब्द पाठ झाले होते.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये अजित ऑफिसच्या जिन्यात कोसळला. मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्या सकाळी निघताना तो दारातून काहीतरी म्हणाला होता. मी हेअर ड्रायर लावला होता. हात हलवला, पण म्हणाला काय ते ऐकलंच नाही. दूध आण म्हणाला असेल, उशीर होईल म्हणाला असेल. काहीही असेल. पण ते मला आता कधीच कळणार नाही.

रेवा एडिंबरोहून आली आणि तिने सगळं हातात घेतलं. रजिस्ट्रार, बँक, क्रिमेटोरियम, भारतातले फोन. एखाद्या ऑफिसरसारखी. रडली मात्र नाही. एकदासुद्धा नाही. "आय अ‍ॅम फाइन, मम." मी 'आई'ची 'मम' कधी झाले ते माझ्याही लक्षात आलं नाही. मराठी ती बाबाशीच जास्त बोलायची, तेही बंद झालं. फोन कमी झाले, मग मेसेज, मग मेसेजला नुसता अंगठा. उन्हाळ्यात ती घरी आलीच नाही. नवरा गेलाच होता, आता मुलगीही हातातून निसटतेय असं वाटत असतानाच मी वर्गात उभी राहत होते. मुलांना तोल शिकवत होते आणि माझा स्वतःचा गेला होता.

सप्टेंबरात ह्यू घरी आला. अडखळत म्हणाला, यंदा तळ टाकायचा की नाही ते मित्रांचं ठरत नाहीये. मी म्हटलं, तंबू तू घेऊन जा, कायमचा. गॅरेजमध्ये ती पिशवी बघवत नव्हती मला. रेवाला मेसेजमध्ये कळवलं, आणि कित्येक आठवड्यांनी तिचा फोन आला.

"तो तंबू त्यांना नाही येणार लावायला. बाबा सोडून कोणालाच ना proper येत नाही. I'll come. एकदा लावून दाखवते आणि मग देऊन टाकू."

माझी शाळेची ऑक्टोबरची सुट्टी होती. मित्रमंडळी पुढच्या आठवड्यात यायची होती, त्याआधी आम्ही तिघांनी जाऊन तंबू उभा करायचा असं ठरलं. ग्लासगोहून ए-८२ने वर, क्रियनलारिकच्या पुढे एक फाटा लागतो. तिथून इस्टेटचा कच्चा रस्ता, गेमकीपरची, म्हणजे तिथल्या राखणदाराची, परवानगी असेल तरच गेट उघडतं. शेवटी ओढा, ओढ्याकाठी सपाट गवत, आणि तिन्ही बाजूंना तपकिरी डोंगर. अजितने फोटो पाठवले होते, पण मी स्वतः तिथे पहिल्यांदाच जात होते. पूर्ण रस्ता रेवा खिडकीबाहेर बघत होती. मी अजितचं जुनं हिरवं जॅकेट घातलं होतं. तिने एकदा त्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

दुपार होती, अंधार वगैरे काही नाही. धुकं मात्र खाली उतरत होतं आणि पश्चिमेकडून, म्हणजे तंबूच्या मागच्या बाजूने, वारा धक्के देत होता. रेवा पुढच्या खांबाला, ह्यू मागच्या, मेखा माझ्याकडे. "वन, टू, थ्री" म्हणत दोघांनी उचललं आणि तंबू उभा राहिला. मला भडभडून आलं. तेवढ्यात लक्षात आलं की माझ्याजवळ पुढच्या बाजूच्याच मेखा आहेत. मागच्या लांब मेखांची पिशवी ह्यूच्या पिकअपमध्ये राहिली होती, आणि पिकअप होती रस्त्याच्या वळणापलीकडे. "धरून ठेवा, आले!" असं ओरडून, हातातल्या मेखा आणि हातोडा पुढच्या खांबापाशी टाकून मी निघाले.

यापुढचं थोडं रेवाने आणि ह्यूने मला नंतर सांगितलेलं आहे.

मी गेल्यावर वाऱ्याचा एक मोठा झोत आला. पुढचा पडदा फुगला, रेवाचा पाय चिखलात घसरला आणि ती किंचाळली, "ह्यू!" ह्यू मागचा खांब सोडून येऊ शकत नव्हता. तेवढ्यात त्याच्या खांद्यापाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. धुक्यात त्याला हिरवं जॅकेट दिसलं. त्याला वाटलं, मी परत आले. त्याच्या हातातून खांबाचं वजन उचललं गेलं, जसं दुसऱ्याने धरल्यावर जातं तसं. तो धावत पुढे आला आणि रेवाच्या हातातून पुढचा खांब घेतला. रेवाने हातोडा उचलला, मेख लावली, आणि लहानपणापासूनच्या सवयीने, मागे आई आहे असं समजून, ओरडली, "धरला का?"

पलीकडून आलं, "धरलंय. तू बिनघोर ठोक!"

तिने ठोकायला सुरुवात केली. ती सांगते, मेख अर्धी आत गेली तेव्हा तिच्या डोक्यात शिरलं की हा आवाज आईचा नाहीये.

त्याच वेळी मी पिशवी घेऊन परतले. समोरून, रस्त्याच्या बाजूने. ह्यूने मला पाहिलं. तो माणूस कधी गडबडत नाही, पण त्याचा आवाज फाटला. "तू इथे? मग मागे कोण आहे?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी धावत मागे गेले.

तिथे कोणी नव्हतं. मागचा खांब उभा होता. ताठ, गार्डनमध्ये असायचा तसा. त्याचे दोर गवतात सैल पडले होते, एकही बांधलेला नव्हता. वारा माझ्या पाठीवर आदळत होता आणि तो खांब जराही हलत नव्हता. मी पिशवी टाकली आणि दोन्ही हातांनी तो धरला. आधी काहीच जाणवलं नाही, नुसत्या भिंतीला हात लावावा तसं. आणि मग त्याचं सगळं वजन एकदम माझ्या हातांत आलं. हळूच, कुणीतरी "आलं का हातात?" असं बघून सोडावं तसं.

लोक विचारतात, खांब उबदार होता का? नाही. ओला होता आणि गार होता. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात पुढून रेवाचं रडणं ऐकू आलं. रडणं कसलं, हंबरडाच. "आई, बाबा गेला... आई, बाबा गेला गं..." त्या सगळ्या महिन्यांचं साठलेलं. मला तिच्याकडे धावायचं होतं, आणि मी खांब सोडू शकत नव्हते. सोडला असता तर आढं तिच्या आणि ह्यूच्या डोक्यावर आलं असतं. मध्ये तो कॅनव्हास. माझी पोर पलीकडे रडतेय आणि मी इथे खांबाला कपाळ टेकून रडतेय. "मी आहे गं रेवा, इथेच आहे," एवढंच ओरडत राहिले. ह्यूने कसाबसा पुढचा दोर बांधला, मग येऊन मागच्या मेखा ठोकल्या. मी हात सोडला आणि धावले. ती ओल्या गवतात बसली होती. किती तरी वेळ आम्ही दोघी तशाच बसून होतो.

संध्याकाळी शेगडी पेटवून चहा केला. ह्यूने कप खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "ते तो जे म्हणायचा, शेवटचा शब्द... 'बिनघोर'. त्याचा अर्थ काय?"

मी सांगितलं, काळजी न करता, निर्धास्त.

त्याने मान हलवली. "मीही ऐकलं," तो म्हणाला. "पण हा तंबू उभा राहताना मी दर वर्षी तेच ऐकत आलोय. त्यामुळे त्या क्षणी मला नवल वाटलंच नाही."

रेवा माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुला ऐकू आलं ना?"

मी म्हटलं, नाही. मी वळणापलीकडे होते.

माझा दीर लंडनमध्ये एजवेअरला असतो, आयटीत आहे. तो म्हणाला, "वहिनी, कॅनव्हासमध्ये वारा भरला असेल. शिडासारखा ताण आला की खांब उभा राहू शकतो." मी कागदावर आकृती काढून बघितली. एकदा नाही, पुष्कळदा. वारा मागून होता. मागचे दोर सुटलेले असताना त्या वाऱ्याने खांब पुढे पडायला हवा होता, रेवाच्या अंगावर. बरं, खांबाचं एक वेळ वाऱ्यावर ढकलू. पण वारा मराठी बोलतो का? दोघांना एकच भास झाला म्हणावं, तर त्यातल्या एकाला त्या शब्दाचा अर्थही माहीत नव्हता.

रेवा आता दर रविवारी घरी येते. रडते, भांडते, बाबाच्या गोष्टी काढते. 'मम' गेली, 'आई' परत आली. यासाठी मी कुणाचे आभार मानायचे ते मला ठाऊक नाही, पण मानते. आणि तरीही मनात एक सल आहे, तो इथे लिहूनच टाकते. तिला ऐकू आलं. ह्यूलाही ऐकू आलं. मला का नाही? त्या सकाळी हेअर ड्रायर, आणि त्या दुपारी मेखांची पिशवी.

तंबू आम्ही दिला नाही. गेल्या ऑक्टोबरात तिघं पुन्हा गेलो. या वेळी मागचा खांब मी स्वतःहून घेतला. पुढे ह्यू, हातोडा रेवाकडे. तंबू उचलला, दोर अजून बांधले नव्हते. वारा पडलेला होता, ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मी जरा वेळ कान देऊन उभी राहिले. आणि मग दोन्ही हात सोडले.

खांब पडला. जसा पडायला हवा तसाच, सगळ्या वजनासकट. कॅनव्हास ह्यूच्या डोक्यावरून खाली आला आणि आतून त्याच्या ठेवणीतल्या शिव्या ऐकू आल्या.

रेवा वळसा घालून मागे आली. माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. तिला कळलं. तिने माझं जॅकेट गळ्यापाशी नीट केलं, चेन वर ओढली आणि म्हणाली, "चल, परत करू या."

आम्ही परत उचललं. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त वाऱ्याचं सांगू नका. मला एवढंच माहीत आहे की खांब जड होता, दंडांना कळ लागली होती, आणि कॅनव्हासच्या पलीकडून माझ्या लेकीचा आवाज आला, "आई, धरला का?"

"धरलंय," मी म्हटलं. "तू बिनघोर ठोक."

मग तिने ठोकायला सुरुवात केली.