मॅन्युअल कुणी दिलं

माझ्या नोएडाच्या फ्लॅटवर जुने कॉम्प्युटर गेम बघायला लोक येतात आणि त्यातल्या बहुतेकांना मी दत्ताची गोष्ट सांगतो. खोटी सांगतो. खरी बायकोलाही माहीत नाही — तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मला तुमच्याकडून काही नको.

आधीच बजावतो, गेमबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेणार नाही. तीनेकशे खोकी आहेत माझ्याकडे, फ्लॉपीसकट, आणि त्यातली निम्मी काउबॉयची — धुळीनं भरलेलं गाव, दारूचा लाकडी गुत्ता, कमरेला पिस्तूल. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभतं का? शोभतं. ज्यांना शोभत नाही त्यांनी तिकिटं जमवावीत.

त्यातला एक गेम वेगळा. गोळीबार कमी, गुरं जास्त. वाळवंटातून हजारो गुरांचा कळप रेल्वेपर्यंत न्यायचा. देशाची बाजारपेठ नुकतीच उघडली होती, ऑफिसातला एकजण अमेरिकेला जाऊन आला आणि त्यानं तो खोक्यासकट आणून दिला. सुरू करताना दर वेळी पडद्यावर प्रश्न यायचा — मॅन्युअलच्या अमुक पानावरचा अमुक शब्द लिहा. चोरून कॉपी करणाऱ्यांना खेळता येऊ नये म्हणून ही युक्ती. पानंसुद्धा गडद लाल, झेरॉक्स काढली तर नुसती काळी यायची. थोडक्यात, मॅन्युअल नाही तर गेम नाही.

दत्ता आटपाडीकडचा. बाबा रिटायर झाले, आई-बाबा पुण्याला गेले आणि मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो, तेव्हा तो माझ्याकडे राहायला आला. यूपीएससी करायला. मीही केली होती — सगळे अटेम्प्ट संपवले, प्रिलिमच्या पुढे काही गेलो नाही, आणि शेवटी चार्टर्ड बसनं नोएडाला कॉम्प्युटरच्या नोकरीवर जायला लागलो. दत्ता दर वेळी प्रिलिम पास व्हायचा. वर माझा गेम माझ्यापेक्षा चांगला खेळायचा, आणि एकदा बसला की रात्र रात्र उठायचा नाही.

माझी गुरं नदीवर नेहमी मरायची. एकदा तो मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "तहानल्यालं खिल्लार असं एकदम पाण्यावर सोडत न्हाईत. चेंगरून मरतंय." मी विचारलं, खिल्लार म्हणजे? तो हसला — मनापासून, वाईट हेतू नव्हता. "आरं, मराठीच हैस न्हवं?" दिल्लीत वाढलो मी. हिंदीत मला कुणी कधी हसलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगतोय का? नाही. लागलं होतं, एवढंच.

मग त्याचा शेवटचा अटेम्प्ट आला. मेन्सच्या तीन महिने आधी त्यानं स्वतःच मॅन्युअल माझ्या हातात दिलं. कुलपात ठेव म्हणाला, मी पाया पडलो तरी देऊ नकोस. मी ठेवलं. एकदा त्यानं खरंच मागितलं, मी दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं माझे आभार मानले. असा मित्र होतो मी — तोवर.

जनरल स्टडीजचे पेपर त्याला छान गेले. इतिहासाला अजून सहा दिवस होते आणि इतिहास तर त्याचा हातखंडा विषय. संध्याकाळी त्यानं चहा केला आणि म्हणाला, कलेक्टर झालो की लाल दिव्याच्या गाडीत पहिल्यांदा तुला बसवतो. प्रेमानं म्हणाला. मी चहा प्यालो. सकाळी तो अंघोळीला गेल्यावर कपाट उघडलं, मॅन्युअल काढलं, त्याच्या इतिहासाच्या नोट्सवर ठेवलं आणि बस पकडली.

बसमध्ये काय वाटत होतं? मजा वाटत होती. आता खोटं कशाला बोलू?

परत आलो तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर होता, जेवणाचा डबा तसाच झाकलेला. मान वर न करता त्यानं विचारलं, हे माझ्या टेबलावर कसं आलं रे? त्या क्षणीसुद्धा सगळं सावरता आलं असतं. मी म्हणालो, "अरे यार, पहाटे तूच मागितलंस ना? अर्धवट झोपेत होतास. बिल्कुल ऐकेनास."

आधी एकदा मागितलेलं होतं, म्हणून त्याला ते पटलं. तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला. पुढचे पाचही दिवस तो खेळला, आणि मी मॅन्युअल परत मागितलं नाही. इतिहासाचे दोन्ही पेपर बुडाले.

खेळला तो, बोटं त्याची होती — असं मी कितीतरी वर्षं घोकलं. चालूनही जायचं. पण त्या एका वाक्याचं काय करायचं? दत्ता गावी परतला, तिथल्या शाळेत शिकवतो. मित्रानं लपवून ठेवलं होतं, मीच झोपेत मागून घेतलं, असं पोरांना सांगतो. मीही पाहुण्यांना हेच सांगतो आणि वर विनोद करतो, या खोक्यानं एक कलेक्टर खाल्ला आणि एक कलेक्टर जन्माला घातला. सगळे हसतात. खोकं मी विकलेलं नाही, विकणार नाही, आणि गेम अजूनही आवडीनं खेळतो. त्याबद्दल कुणाला काही वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

दर दिवाळीला त्याचा फोन येतो. यंदा मुलीचं सांगत होता, तीच परीक्षा देतेय. "तिला म्हटलं, बाई, माझ्यावर जाऊ नगंस. तुझ्या बापाचा मनावर ताबा न्हवता." मी म्हणालो, जाऊ दे रे आता.

तू मागितलं नव्हतंस, दत्ता. मीच तुझ्या नोट्सवर ठेवलं होतं.