सत्त्याण्णव वेळा ‘इतर’

आमच्या मामीला चौपन्नाव्या वर्षी नोकरी लागली. दीड महिन्याची का होईना, पण नोकरी. घरोघर जाऊन माणसांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं छापील अर्जांत भरायची. मामा म्हणाले, “तीस वर्षं मला फुकट प्रश्न विचारलेस, आता पगार घेऊन विचार.” वर हेही सांगून टाकलं, की चार दिवसांत हिचे पाय गळ्यात येतील. मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. कुठली वस्तू किती दिवस चालेल हे आधीच सांगायची त्यांना खोड आहे, आणि बायकोच्या बाबतीत तो अंदाज तीस वर्षं चुकत आला आहे.

मामीला ते लागलं. “सगळ्या अर्जांवर पाहणीच्या साहेबांची सही घेईन तेव्हाच थांबेन,” ती म्हणाली. लग्नानंतर स्वतःच्या नावावर केलेलं हे तिचं पहिलंच काम. गळ्यात दोरीला अडकवलेलं ओळखपत्र ती पोळ्या लाटतानासुद्धा काढत नसे. कणीक लागून फोटोतल्या तिचं कपाळ पांढरं झालं होतं.

पाहणीचा विषय असा, की कुठल्या भागातल्या लोकांना आपली जागा सोडून जावंसं वाटतं, कुठल्या नाही, आणि का. मामीच्या वाट्याला दोन भाग आले, टेकडीवरची नवी वसाहत आणि खालची जुनी गल्ली. वसाहतीत रुंद रस्ते, चोवीस तास पाणी, दारोदार गाड्या. गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली, की एकाने कुणाच्या तरी दारात शिरून वाट द्यायची. पळून जायची घाई कुणाला असेल, हे शेंबडं पोरही सांगेल.

अर्जातला मुख्य प्रश्न साहेबांनी स्वतः बसून तयार केला होता. ‘आपणांस येथून कायमचे जाण्याची इच्छा आहे काय?’ प्रश्नातला एकही शब्द बदलायचा नाही, बदलला तर सगळे अर्ज रद्द आणि विचारणाऱ्याचं नाव यादीतून कमी, असा नियम होता.

गल्लीतलं पहिलंच घर म्हाताऱ्या शिंपीकाकांचं. पंधरा दिवसांच्या तापातून उठून काका नुकतेच खाटेवर टेकून बसले होते. मामीने चष्मा चढवला आणि प्रश्न जसाच्या तसा वाचला.

“कायमचं?” काका म्हणाले. “मला काय धाड भरलीय? अगं, कालच उतरलाय ताप!”

आतून सून धावत आली. “काकू, सकाळी सकाळी असलं अभद्र काय विचारताय?” आणि तिने मामीच्या तोंडावर दार लावलं.

पुढच्या दोन घरांत तोच प्रकार झाला. चौथ्या घराशी मामीने अर्ज पिशवीत कोंबला आणि आपल्या भाषेत विचारलं, “काय हो, दुसरीकडे राहायला जायला आवडेल का?” मग गल्ली जी बोलायला लागली, ती थांबेचना. मामी मागे फिरून शिंपीकाकांनाही विचारून आली.

वसाहतीत उलट. माणसं दारातूनच अर्ज घेत, ‘होय’पुढे खूण करत, अर्ज परत देत आणि दार लावून घेत. कारणाच्या रकान्यात ‘इतर’. कुणी चिडत नव्हतं की हसत नव्हतं. फटीतून मामीला मागच्या बदलीचे खोके दिसत, दोऱ्या न सोडलेले. त्यांच्यावर कपबशा मांडलेल्या.

महिन्याभराने साहेबांनी तिला बोलावून घेतलं. साहेब चाळिशीचे, सडपातळ, सदऱ्याची वरची गुंडीही लावणारे.

“बाई, गल्लीतली जवळपास सगळी घरं ‘नाही’ म्हणतात. पाणी एक दिवसाआड, दवाखाना नाही, तरी नाही! आणि कारण काय, तर सत्त्याण्णव वेळा ‘इतर’. हे घरी बसून भरलंत का?”

मामी नाकासमोर चालणारी. “घरी बसून नाही भरलं,” ती म्हणाली, “पण गल्लीत प्रश्न बदलला.”

साहेबांचे डोळे पांढरे झाले. “माझा प्रश्न बदललात?”

“तुमचा प्रश्न म्हणजे मरणाचं आमंत्रण आहे, साहेब.”

साहेबांनी ठणकावलं, की उद्या ते स्वतः गल्लीत येतील आणि छापील प्रश्नच विचारतील. उत्तरं जुळली तर सही, नाहीतर सगळे अर्ज रद्द. त्या संध्याकाळी मामी भाजी निवडता निवडता रडली. मामांनी एकही विनोद केला नाही, गुपचूप उरलेली भाजी निवडून ठेवली. मला मामा आवडतात ते अशा वेळी.

सकाळी साहेबांनी कोपऱ्यावरचं घर निवडलं. दार उघडणाऱ्या बाई चांगल्या उंच्यापुऱ्या. साहेबांनी घसा साफ करून वाचलं, “आपणांस येथून कायमचे जाण्याची इच्छा आहे काय?”

“कायमचे जावोत तुमचे वैरी!” बाई कडाडल्या. आवाज ऐकून शेजारीण बाहेर आली. या दोघींचं अकरा वर्षं वाकडं, कारण शेजारणीच्या छपराचं पाणी यांच्या अंगणात पडतं. तरी शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “कोण आहे हा? आमच्या बाईंच्या मरणावर उठलाय?”

“तू मध्ये बोलू नकोस,” बाई तिच्यावर खेकसल्या. “आधी छपराचं बघ.”

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच मामीच्या शब्दांत विचारलं, “म्हणजे... दुसरीकडे राहायला जायला आवडेल का?”

“दुसरीकडे? आणि हिचं छप्पर? मी गेले म्हणजे ही जिंकलीच की!”

पुढचा इस्त्रीवाला म्हणाला, की समोरच्याने चार वर्षांपूर्वी शिडी नेली आहे, ती परत मिळेपर्यंत तो हलायचा नाही. त्यापुढच्या घरात दोन जावा होत्या. सासूचं शिलाईमशीन कुणाचं हे ठरायचं होतं, आणि सासू ठणठणीत होती. या कारणांना छापील पर्यायांत जागा नव्हती. दुपारपर्यंत साहेबांनी स्वतःच्या हाताने आठ वेळा ‘इतर’ लिहिलं. माणसं सुखासाठी एका जागी राहतात असं मीही समजत होतो. मामीमुळे कळलं, की पुष्कळ जण भांडण अर्धवट सोडवत नाही म्हणून राहतात, आणि भांडायला तरी शेजारी ओळखीचा लागतो.

मामीचा एकच अर्ज उरला होता. वसाहतीतल्या त्या घराला तीनदा कुलूप मिळालं होतं. ते घर साहेबांचंच निघालं. संध्याकाळी मामीसमोर त्यांनीच कुलूप उघडलं. आत खोके, खोक्यांवर टीव्ही.

“शेजारी कोण राहतं?” मामीने विचारलं.

“पाहिलं नाही. पांढरी गाडी आहे त्यांची.”

साहेबांनी गठ्ठ्यावर सही केली. मामीचा जीव भांड्यात पडला. पण सहीखाली त्यांनी एक ओळ लिहिली, ‘प्रश्न बदलल्याबद्दल समज देण्यात येत आहे.’

“समज? मला?” मामीचा आवाज चढला. “शब्द चुकला तुमचा आणि समज मला?”

“नियम तो नियम. हरकत असेल तर लेखी द्या.”

“देईन! चार पानी देईन!”

“द्या. आठ पानी उत्तर देतो!” साहेब ओरडले. त्या घरात एवढा मोठा आवाज बहुधा पहिल्यांदाच झाला असावा, कारण शेजारचं दार उघडलं आणि पांढऱ्या गाडीवाल्याने मान बाहेर काढली.

मामीने तणतणत शेवटचा अर्ज काढला. “दुसरीकडे राहायला जायला आवडेल का?”

साहेबांनी सवयीने पेन ‘होय’पाशी नेलं आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, “आधी तुमचं लेखी येऊ द्या. हे प्रकरण मिटेपर्यंत तरी मी कुठे जात नाही.”

“मग ‘नाही’ लिहा,” मामी म्हणाली. “हे प्रकरण मी मिटू देणार नाही.”